नजर सामने

सुभेदार शिंगटे सर पहिल्या दिवशी अक्षर शिकवत नसत. पहिल्या दिवशी ते विद्यार्थ्याच्या गळ्यात काळं फडकं बांधत. फडक्याचं एक टोक टाइपरायटरला अडकवलेलं, दुसरं आपल्या मानेमागे गाठ मारलेलं आणि मधे आपले दोन्ही हात आणि सगळी बटणं झाकलेली. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटायचं. बारावी होऊन मी साताऱ्यात त्यांच्या क्लासला गेले तेव्हा मलाही ते बांधलं. फडक्याखाली काही दिसतं का म्हणून मी मान वाकवली, तोच पाठीमागून खोली हादरवणारा आवाज आला, "नजर सामने!"

मी दचकून समोर बघितलं. समोर नुसती भिंत होती.

"बटनं बघायला न्हाईत पोरी, दाबायला हायत," आवाज थोडा खाली आला. "बोटांस्नी डोळं फुटलं पायजेत. फुटतील. घाई न्हाई."

सर फौजेत क्लार्क होते. मूळचे वडूजकडचे. ताठ कणा, भरघोस मिशा, शर्टाच्या बाहीला रोज कडक इस्त्री. आवाज असा की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईकही 'नजर सामने' ऐकून सरळ उभं राहायचं. नम्रपणा त्यांच्या अंगात अजिबात नव्हता. "पलटनीत बंदूक चालवणारं लय हुतं," ते सांगत, "पर त्यांच्या रजेचा अर्ज कोण टाईप करनार? शिंगटे! म्या बोट आखडलं असतं तर आख्खी पलटन दिवाळीला घरी गेली नसती." क्लासला एक नाव होतं, पण ते पाटीवरच राहिलं. सगळं गाव त्याला सुभेदारांचा क्लास म्हणे.

ती काळी फडकी छत्रीच्या कापडाची असत. सरांचे मेहुणे महाबळेश्वरला टॅक्सी चालवत. तिथल्या पावसात छत्र्या किती मोडतात ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. पावसाळा संपला की मेहुणे मोडक्या छत्र्यांचा गठ्ठा डिकीत टाकून आणायचे आणि काकू काड्या काढून, कापड उसवून त्याची फडकी शिवायच्या. काकूंनी उभ्या आयुष्यात टायपिंग केलं नाही, पण त्यांच्या हाताखालून आम्ही सगळे गेलो, असं सर कौतुकाने म्हणत.

प्रशांत नावाचा उंब्रजचा एक मुलगा माझ्या बरोबरीला होता. हुशार, पण खाली बघितल्याशिवाय त्याचं बोट उचलत नसे. शेवटी त्याने ब्लेडने फडक्याला छोटं भोक पाडलं आणि मान किंचित तिरपी करून त्यातून बघायला लागला. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी सर त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"उंब्रजकर, वाडा बांधताय काय?"

"नाही सर. का?"

"न्हाई, खिडकी पाडलीया म्हनून इचारलं."

सगळा क्लास हसत सुटला. सरांनी त्याला मारलं नाही, फी परत केली नाही, फडकंही बदललं नाही. फक्त भोक नजरेसमोरून सरकून टाइपरायटरच्या पलीकडे जाईल असं फडकं फिरवून बांधलं. प्रशांत परीक्षेत नापास झाला, पुन्हा बसला, पुन्हा झाला. पुढे तो कॉम्प्युटर शिकला आणि पुण्याला मोठ्या नोकरीला लागला. दोन बोटांनी टाईप करत, खाली बघत. सर त्याची ओळख करून देताना म्हणत, "ह्यो माझा सगळ्यात मोठा झालेला नापास इद्यार्थी."

क्लासमध्ये एक गुन्हा मात्र खरोखर गंभीर समजला जाई. अंदाजाने बटण दाबणं. चुकलं तर सर चिडत नसत, पण अंदाजाने दाबून बरोबर आलं तर चिडत. "ठावं असंल तर दाब, न्हाईतर हात उचल," असा त्यांचा नियम होता. अडलेल्याने दोन्ही हात फडक्याबाहेर काढून वर धरायचे. सर यायचे, बोट धरून योग्य बटणावर ठेवायचे आणि निघून जायचे. हात वर केल्याबद्दल तिथे कधी कुणाला हसलेलं मी पाहिलं नाही.

मला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली ती या टायपिंगवर. लग्नानंतर घरही क्लासच्या समोरच्या गल्लीत मिळालं. मधल्या काळात टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. सरांनी गळा काढला नाही. टाइपरायटर विकले, जुने कॉम्प्युटर घेतले आणि फडक्याचं टोक मॉनिटरला बांधलं. "यंत्र बदललंय," म्हणाले, "बोटं तीच हायत." काकू गेल्यानंतर सर एकटे पडले. मुलगी वैजू सांगलीला दिलेली. ती दर सणाला 'आता इकडे या' म्हणायची, आणि हे दर सणाला 'ही बॅच झाली की' म्हणायचे.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या कागदपत्रांचं बघू लागले. परीक्षेचे फॉर्म, विजेचं बिल, कुणाचा फोटो राहिलाय, कुणाची सही. मला यादीशिवाय जमत नाही. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे मी कामं लिहायची आणि एकेक खोडायची. सरांना ते फार आवडे. "वाच शोभे तुझा हुकूम," ते खुर्चीत टेकून म्हणत. मी वाचत जायची, ते 'मंजूर', 'नामंजूर' म्हणत जायचे.

मग काही गोष्टी बदलल्या. त्यांनी स्कूटर काढून टाकली. म्हणाले, चालणं बरं. मुलांना उतारा मोठ्याने वाचून दाखवायला लावू लागले. म्हणाले, जीभ सुटते. आलेला कागद माझ्याकडे सरकवत. म्हणाले, तूच वाच, चष्मा आणायला उठवू नकोस. क्लासमध्ये फिरायचं थांबवून ते मधोमध खुर्ची टाकून बसू लागले आणि टकटक ऐकून सांगू लागले, "खिडकीजवळची, तुझी करंगळी झोपलीय." प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. वय झालं की माणूस थोडा बैठा होतो, असं मी धरून चालले.

गुरुपौर्णिमेला जुने विद्यार्थी क्लासवर जमत. त्या वर्षी प्रशांत पुण्याहून एक जड खोकं घेऊन आला. खोक्यात कीबोर्ड होता. पण बटणांवर अक्षरंच नव्हती. प्रत्येक बटण म्हणजे काचेखाली एक इवलासा पडदा. प्रशांतने तो कॉम्प्युटरला जोडला आणि सगळी बटणं एकदम उजळली. प्रत्येक बटणावर मराठी अक्षर, सर शिकवत त्याच मांडणीत. त्याने स्वतः बसून ती मांडणी त्यात भरली होती. एक बटण दाबलं की सगळी इंग्रजी व्हायची, दुसरं दाबलं की कानडी.

"सर, मला काही खाली बघितल्याशिवाय येत नाही," प्रशांत म्हणाला, "म्हणून म्हटलं, खाली बघण्यासारखं तरी काहीतरी असावं."

सर दाराजवळच्या खुर्चीतून हलले नाहीत. "मंजे आता बटनांस्नीच डोळं फुटलं म्हनायचं!"

"बघा तरी येऊन, सर."

"बटनावर सिनेमा बघायला क्लास काढलाय व्हय रं म्या? फडकं टाका त्याच्यावर."

सगळे हसले. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहा आला आणि सर बाहेर पायरीवर जाऊन चहावाल्याशी साखरेवरून वाद घालू लागले. आत कुणीतरी प्रशांतला विचारलं, नुसती अक्षरंच येतात का? त्याने काहीतरी दाबलं आणि अक्षरं जाऊन चित्रं आली. एका बटणावर आंबा, एकावर पोपट, छत्री, रिक्षा, गुलाब. बायकांनी 'अगंबाई' केलं. चहा फिरला. कीबोर्ड तसाच राहिला.

सर आत आले तेव्हा सगळ्यांनी आग्रह धरला. बसा, एकदा बसाच. शेवटी ते बसले. मधल्या ओळीवर बोटं ठेवली, मान वाकवली, थोडा वेळ बघितल्यासारखं केलं आणि मोठ्या मनाने म्हणाले, "न्हाई, काय बी म्हना. अक्षर झकास हाय. ठसठशीत. अगदी छापल्यागत."

बटणांवर आंबे आणि पोपट होते.

हसण्याचा असा स्फोट झाला की चहावाला परत डोकावला. सरांची ही थट्टा प्रत्येकाला आवडली. प्रशांत तर टेबलावर डोकं ठेवून हसत होता. सरही हसले. पण सगळ्यांच्या नंतर हसले. आधी आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला, ऐकलं आणि मग हसले. मी शेजारीच उभी होते. हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला आणि डोक्यात एक यादी आपोआप तयार झाली: स्कूटर, चष्मा, मोठ्याने वाचन, खुर्ची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघाले, तर समोरून सर दूध घेऊन येत होते. त्यांनी रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं आणि उजवीकडून आलेल्या रिक्षाने त्यांच्या गुडघ्याशी करकचून ब्रेक मारला.

"हॉर्न द्यायला हात दुखत्यात का रं?" सर गरजले.

"आवं दोनदा दिला की!" रिक्षावाला म्हणाला. "डोळं घरी ठिवलंत काय?"

मी सरांचा कोपर धरून त्यांना क्लासच्या पायरीवर आणलं आणि बसवलं. मला आडवळणाने बोलता येत नाही.

"सर, काल बटणांवर काय होतं?"

"अक्षरं."

"आंबे होते. पोपट होता. छत्री होती."

 दुधाची पिशवी या हातातून त्या हातात गेली.

"तवा हसली व्हय समदी," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, माझं बोलनं आवडलं." मग लगेच, "कुनाला बोललीस?"

"कुणालाच नाही."

"वैजूला?"

"अजून नाही. किती दिसतं?"

"उजवा गेलाच. डाव्यानं नळीतनं बघितल्यागत दिसतंय. मधलं तेवढं. त्ये बी धुकाट." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "दुखलं असतं तर कळलं असतं गं. आवाज न्हाई, काय न्हाई. चोरावानी गेला."

"दवाखान्यात का नाही गेलात?"

 ते बोलले तेव्हा आवाज क्लासमधला नव्हता.

"फौजेत म्या रजेचं अर्ज टाईप करायचो ह्ये तुमास्नी लय येळा सांगितलं. दुसरं काय टाईप करायचो, त्ये न्हाई सांगितलं. मेडिकल बोर्डाचं कागद. डोळ्यानं अनफिट, कानानं अनफिट, घरी पाठवा. म्या टाईप करायचो आन् त्यो जवान दारात हुबा असायचा. चांगला धडधाकट गडी. माझ्या बोटांकडं बघत हुबा. तवाच ठरीवलं, आपलं नाव त्या कागदावर येऊ द्यायचं न्हाई."

"इथे कोण बोर्ड बसवतंय, सर?"

"वैजू. चला म्हनंल सांगलीला. आन् बरोबरच हाय तिचं. मग क्लासला कुलूप. ही पोरं परीक्षेला बसनार हायत, शोभे. परीक्षा हू दे. मग जातो दवाखान्यात. हुकूम समज."

"मी तुमच्या पलटणीत नाही. परीक्षेला वेळ आहे. तोवर डावाही गेला तर?"

"न्हाई जात. सालभर तरी टिकंल."

"कुणी सांगितलं?"

"मला वाटतंय."

"म्हणजे अंदाज."

त्यांनी दुधाच्या पिशवीची गाठ चाचपली.

"आत्ता रस्ता ओलांडलात तोही अंदाज. काल अक्षर झकास म्हणालात तोही अंदाज," मी म्हणाले. "ठाऊक असेल तर दाबा सर, नाहीतर हात उचला."

त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, तोंड केलं. रागावतील असं वाटलं. रस्त्यावरून शाळेच्या रिक्षा जात होत्या, कुणी ओळखीचं हाक मारून गेलं. मग दुधाची पिशवी चाचपून माझ्या हातात दिली आणि पायरीवर बसल्या बसल्या दोन्ही हात वर केले. अगदी क्लासमध्ये करायचो तसे. मी त्यांचं बोट धरलं आणि माझ्या फोनवर वैजूच्या नावावर ठेवलं.

त्याच आठवड्यात आम्ही मिरजेला गेलो. वैजू थेट दवाखान्यात आली. रडायचं ते तिने आधीच रडून घेतलं होतं, त्यामुळे काम सोपं झालं. फाईल, आधार कार्ड, सुटे पैसे, पाण्याची बाटली, डबा, सगळं माझ्या यादीप्रमाणे होतं. फक्त सर यादीप्रमाणे नव्हते. डोळे तपासायच्या खोलीबाहेर ते कान देऊन बसले होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. आतला पेशंट तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होता. सरांचा नंबर आला तेव्हा त्यांनी खुर्चीत बसून सगळी ओळ न अडखळता, परेडच्या आवाजात म्हणून दाखवली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "काका, हे कुठे लिहिलंय?"

तक्ता कागदाचा नव्हता. समोर स्क्रीन होता आणि बाई प्रत्येक पेशंटला अक्षरं बदलत होत्या.

वैजूने कपाळाला हात लावला. सर उसासा टाकून म्हणाले, "काय जमाना आलाय. कुठलंच अक्षर जाग्यावर थांबंना."

काचबिंदू निघाला. गेलं ते परत येणार नाही, आहे ते मात्र राखता येईल, असं बाईंनी सांगितलं. उशीर केला असता तर तेही राहिलं नसतं. ऑपरेशन झालं, थेंब सुरू झाले आणि डाव्या डोळ्यातली ती नळी शाबूत राहिली. सर म्हणाले, "किल्ला पडला, पर दरवाजा हातात ऱ्हायला."

परीक्षेपर्यंत मात्र ते साताऱ्यातच राहिले. वैजूने थेंबांच्या वेळा माझ्यावर सोपवल्या आणि ही सवलत दिली. पट्टी निघाल्यावर पहिल्या दिवशी सर क्लासच्या मधोमध उभे राहिले आणि स्वतःच सांगितलं, "पोरांनो, मला दिसत न्हाई. आता फडकं माझ्या डोळ्यावर हाय. तुमी शिकताय तसंच मी बी शिकतोय."  मागच्या रांगेतल्या एका मुलीने दोन्ही हात वर केले, मग तिच्या लक्षात आलं की सरांना ते दिसणार नाहीत, तेव्हा ती म्हणाली, "सर, हात वर केलेत." सर खुर्च्यांना धरत तिच्यापर्यंत गेले. त्या दिवसापासून हात वर करून तोंडाने सांगायची पद्धत पडली.

परीक्षा झाली आणि क्लास बंद झाला. कॉम्प्युटर विकले. फडकी कुणी मागितली नाहीत, पण वाटायला काढली तेव्हा एकही उरलं नाही. प्रशांत स्वतःचं भोकाचं फडकं घ्यायला पुण्याहून आला; काकूंनी ते भोक कधीच रफू करून टाकलं होतं. सरांनी सांगलीला जाताना कपड्यांच्या पेटीखेरीज एकच वस्तू नेली, तो कीबोर्ड. मला आश्चर्य वाटलं. प्रशांतला वाटलं नाही, तो म्हणाला, "भेट आहे, टाकतील कशी?"

सर गेल्या हिवाळ्यात गेले. आजार नाही, अंथरूण नाही. वैजूने तो कीबोर्ड माझ्याकडे पाठवून दिला. तो ऑफिसच्या माझ्या टेबलावर आहे आणि लोक विचारतात की याची बटणं अशी काळीठिक्कर का? बिघडलाय का? बिघडलेला नाही. त्याचं कारण त्या आधीच्या दिवाळीत, सांगलीला आमची शेवटची भेट झाली तेव्हाचं आहे.

वैजूच्या घरी खिडकीपाशी सरांचं टेबल होतं. इस्त्रीचा शर्ट, मिशा तशाच. ते रोज सकाळी बसून जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं टाईप करत. वैजू वाचून बघे आणि पाठवून देई. ती म्हणाली, चूक सापडत नाही, सापडावी म्हणून मी शोधते. मी टेबलाजवळ गेले. कीबोर्ड चालू होता, पण एकाही बटणावर उजेड नव्हता.

"सर, याचे दिवे गेलेत."

"गेलं न्हाईत, घालवलं. प्रशांतला फोन करून इचारलं, ह्यांचं डोळं कसं मिटायचं त्ये सांग. लय हसला." त्यांनी बटणांवरून तळवा फिरवला. "आता त्याला बी दिसत न्हाई, मला बी दिसत न्हाई. जमतंय आमचं." मग ते खुर्चीतून उठले. "बस. साहेबीण झालीस, बोटं गंजली असतील. सांगतो त्ये टाईप कर."

मी बसले. त्यांनी सांगायला सुरुवात केली. प्रिय प्रशांत, तुझा कीबोर्ड उत्तम आहे. मी टाईप करत गेले. मग 'ज्ञ'चा एक शब्द आला आणि माझं बोट हवेत राहिलं. मी मान खाली घातली.

"शोभे," खिडकीकडे तोंड करून उभे असलेले सर म्हणाले, "खाली बघितलंस."

"हो, सर."

"काय दिसलं?"

"काही नाही."

"मग?"

मी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "सर, हात वर केलेत." ते टेबल चाचपत आले, माझं बोट धरलं आणि एका काळ्या बटणावर नेऊन ठेवलं. बरोबर बटणावर.

"नजर सामने," ते म्हणाले आणि पुढचं वाक्य सांगू लागले.